चार वर्षांच्या लॅब्रॅडॉरला दोनदा आकडी आली. कारण नेमके कसे शोधावे?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. आमच्याकडे ब्रुनो नावाचा चार वर्षांचा नर लॅब्रॅडॉर आहे. वजन ३२ किलो, लसी वेळच्या वेळी दिलेल्या, जंताचे औषध नियमित, आणि एरवी दवाखान्याची पायरी फारशी न चढलेला असा हा कुत्रा आहे. गेल्या महिन्यात पहाटे चारच्या सुमारास तो झोपेतच ताठ झाला, मान मागे खेचली गेली आणि थोड्या वेळाने चारही पाय जोरजोरात हलू लागले. जबडा एकसारखा आपटत होता, तोंडाला फेस आला होता आणि लघवीही झाली. सगळे मिळून दीड-दोन मिनिटांत थांबले असावे. त्यानंतर साधारण अर्धा तास तो घरभर नुसता फिरत राहिला, दाराच्या चौकटीला धडकला, माझ्या आईकडे पाहूनही त्याने ओळख दाखवली नाही, आणि मग एकाएकी अधाशासारखा खायला लागला. सकाळी फिरायला निघताना मात्र तो अगदी नेहमीसारखा होता. तीनेक आठवड्यांनी, पुन्हा पहाटेच, हुबेहूब तसाच झटका आला.

पहिल्या वेळी डॉक्टरांनी रक्ताची साधी तपासणी केली, पेशींचे प्रमाण आणि किडनीचे आकडे ठीक असल्याचे सांगितले आणि ‘लक्ष ठेवा’ म्हणून सोडले. घरी मात्र प्रत्येकाचे निदान वेगळे आहे. काकांच्या मते ही उष्णता आहे, शेजारच्या आजी जंत झालेत म्हणतात, एकांनी आकडी आल्यावर कांदा हुंगवायला सांगितले आहे, आणि सोसायटीतील एका गृहस्थांनी तर ‘कुत्रा पिसाळला असेल, घरात ठेवू नका’ असे लिफ्टमध्ये सर्वांसमक्ष सांगून टाकले. मला स्वतःला शंका आहे ती गोचिडांसाठी दिलेल्या चघळायच्या गोळीची, कारण पहिल्या झटक्याच्या काही दिवस आधीच ती दिली होती.

कुत्र्याला आकडी नेमकी कशामुळे येते, ब्रुनोच्या बाबतीत कोणती कारणे संभवतात आणि कोणती बाजूला ठेवता येतील, आणि एमआरआय करणे अपरिहार्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

पशुवैद्य_सातारा

आपण केलेले वर्णन इतके नीट आहे की निम्मे काम झाले आहे. आपण लिहिले आहे ती आकडीच आहे, यात मला फारशी शंका वाटत नाही. हे आधी सांगण्याचे कारण असे की, ‘फिट आली’ म्हणून आणलेल्या कुत्र्यांपैकी काहींना प्रत्यक्षात फिट आलेलीच नसते. हृदयाच्या दोषामुळे भोवळ येऊन पडणारा कुत्रा बहुधा धावताना, भुंकताना किंवा खोकताना कोसळतो, अंग बऱ्याचदा सैल असते, आणि अर्ध्या-एक मिनिटात उठून तो काहीच न झाल्यासारखा चालू लागतो. म्हाताऱ्या कुत्र्याचा कानातील तोल बिघडला, तर मान एका बाजूला कलते आणि डोळ्यांची बुबुळे आडवी हलत राहतात. पण शुद्ध जात नाही. आकडीत मात्र लाळ, लघवी, जबड्याची हालचाल, आणि महत्त्वाचे म्हणजे नंतरचा तो भ्रमिष्टपणा असतो. ओळख न पटणे, तात्पुरते न दिसणे, भिंतींना धडकणे, प्रचंड भूक लागणे ही अवस्था काही मिनिटांपासून कधीकधी एक-दोन दिवसांपर्यंत राहू शकते.

आकडी हा स्वतंत्र रोग नसून मेंदूतील विद्युत्-क्रिया अचानक आणि एकदम अनियंत्रित झाल्याचे ते लक्षण आहे. त्यामुळे ‘कशामुळे’ हा प्रश्न पुढे तीन प्रश्नांत फुटतो: मेंदू निरोगी असून शरीरातील काहीतरी त्याला बिघडवते आहे का, मेंदूच्या रचनेतच काही दोष झाला आहे का, की रचना आणि रक्त दोन्ही व्यवस्थित असूनही झटका सुरू होण्याचा मेंदूचा उंबरठाच जन्मतः खाली आहे?

पहिल्या गटात विषे आणि चयापचयाचे बिघाड येतात. रक्तातील साखर ६० मिलिग्रॅमच्या खाली जाणे, कॅल्शियम उतरणे, सोडियम बिघडणे, यकृताने अमोनिया न गाळणे, किडनी निकामी होणे, उष्माघातात ताप ४१ अंश सेल्सियसच्या वर जाणे, ही त्याची नेहमीची उदाहरणे. लहान जातीच्या पिल्लाने दोन वेळा खाल्ले नाही तरी साखर इतकी उतरू शकते की त्याला झटका येतो. उतारवयातील मोठ्या कुत्र्यात तेच स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या गाठीमुळे होते. झायलिटॉल घातलेले साखरविरहित च्युइंगम कुत्र्याने खाल्ले, तर माणसात होत नाही असा परिणाम होतो: कुत्र्याच्या शरीरात इन्शुलिन भराभर सुटते आणि साखर कोसळते. ब्रुनोच्या तपासणीत पेशी आणि किडनी पाहिली आहे. साखर, कॅल्शियम, सोडियम आणि यकृताची कार्यक्षमता यांचा आपण उल्लेख केलेला नाही. त्या तपासण्या राहिल्या असतील तर आधी त्या कराव्यात. यकृतासाठी नुसती एन्झाइम्स पुरत नाहीत. उपाशीपोटी आणि खाल्ल्यानंतर दोन तासांनी अशी पित्ताम्लांची (बाइल ॲसिड्स) जोडीची तपासणी मागून घ्यावी.

दुसऱ्या गटात मेंदूतील गाठ, मेंदूज्वर, जुना मार, मेंदूत पाणी साठणे, रक्तवाहिनीत अडथळा येणे आणि आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार. वयाचा येथे मोठा उपयोग होतो. सहा महिन्यांच्या आत पहिली आकडी आली तर जन्मजात दोष, संसर्ग आणि साखर यांचा विचार आधी होतो. सहा वर्षांनंतर आयुष्यातील पहिलीच आकडी आली तर मेंदूतील गाठीची शंका घेणे भाग पडते, आणि बॉक्सरसारख्या आखूड तोंडाच्या जातींत ती अधिक घ्यावी लागते. या गटातील कुत्रा दोन झटक्यांच्या मधल्या काळातही बहुधा पूर्णपणे नीट नसतो. तो एकाच बाजूला गोल फिरतो, कोपऱ्यात डोके टेकवून उभा राहतो, शिकवलेले विसरतो, किंवा ताटलीतील एका बाजूचेच खातो आणि दुसरी बाजू तशीच ठेवतो. हे शेवटचे लक्षण घरच्या माणसांच्याच नजरेस पडते, दवाखान्याच्या टेबलावर ते कधीच दिसत नाही. आमच्याकडची एक साधी तपासणी अशी की, उभ्या कुत्र्याचा पंजा उचलून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवायची. निरोगी कुत्रा क्षणात पंजा सरळ करतो. मेंदूचा किंवा मज्जारज्जूचा मार्ग बिघडला असेल तर पंजा तसाच उलटा राहतो आणि कुत्र्याला त्याचा पत्ताही नसतो.

तिसरा गट म्हणजे ज्याला आम्ही अज्ञातहेतुक अपस्मार, म्हणजे वेगळे कारण न सापडणारी आकडी, म्हणतो तो. यात झटके बहुधा विश्रांतीत किंवा झोपेत येतात. सहा महिने ते सहा वर्षे या वयात सुरुवात, मधल्या काळात कुत्रा ठणठणीत, शारीरिक तपासणी आणि रक्त-लघवी निर्दोष, आणि किमान २४ तासांच्या अंतराने निदान दोन झटके: पशूंच्या अपस्माराचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१५ मध्ये निदानाची जी पहिली पायरी ठरवून दिली, ती हीच आहे. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, बीगल, जर्मन शेफर्ड, बॉर्डर कॉली या जातींत हा विकार आनुवंशिक असल्याचे मानले जाते. लगोटो रोमान्योलोसारख्या काही जातींत नेमके जनुक सापडले आहे. लॅब्रॅडॉरमध्ये मात्र तो एका जनुकाचा खेळ नसल्याने ‘ही तपासणी करा म्हणजे कळेल’ असे काही देता येत नाही.

आता आपल्या शंका. गोचिडांची गोळी आयसोक्साझोलिन गटातील असेल, म्हणजे वेष्टनावर फ्ल्युरालेनर, अफोक्सोलेनर, सॅरोलेनर किंवा लोटिलेनर असे नाव असेल, तर आपली शंका निराधार नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये या गटामुळे काही जनावरांना कंप व झटके आल्याच्या नोंदींवरून सावधगिरीची सूचना काढली होती. बहुसंख्य कुत्र्यांना ही औषधे निर्धोकपणे चालतात. पण ज्याला एकदा आकडी आली आहे, त्याला मी ती पुन्हा देत नाही. गोळीमुळेच आकडी आली की आधीच खाली असलेल्या उंबरठ्याला गोळीने धक्का दिला, हे एका कुत्र्यापुरते सिद्ध करणे अवघड असते. गोळीचे नाव आणि दिल्याची तारीख डॉक्टरांना जरूर सांगा, कारण यांतील काहींचा अंमल महिनाभर तर फ्ल्युरालेनरचा सुमारे १२ आठवडे राहतो.

रेबीजविषयी त्या गृहस्थांना एवढेच सांगावे की, पिसाळलेला कुत्रा मधले तीन आठवडे मजेत जेवत आणि फिरायला जात नाही. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की ती वाढतच जातात आणि साधारण दहा दिवसांच्या आत कुत्रा मरतो. जंतांचे औषध नियमित घेणाऱ्या प्रौढ कुत्र्यात जंत हे कारण मानता येणार नाही. उष्णतेबद्दल म्हणाल तर नाशिकची पहाट उष्माघाताची वेळ नव्हे.

शिवार_औसा

डॉक्टरांनी विषांचा उल्लेख थोडक्यात केला आहे. शहरात ते बरोबर असेल. आमच्या लातूर भागात मात्र खरिपात कुत्र्याला झटके आले की आम्ही पहिला विचार विषाचाच करतो. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव या पट्ट्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, तेव्हापासून मेटाल्डिहाइडच्या गोळ्या घरोघरी आल्या. काही जण कोंडा आणि गूळ यांत कीटकनाशक कालवून बांधाच्या कडेने आमिषाचे ढीग ठेवतात. गुळाच्या वासाने गोगलगाय येते, तसा कुत्राही येतो.

आमच्या शेतातल्या आखाड्यावरच्या कुत्रीने असेच काहीतरी खाल्ले होते. आधी ती बेचैन होऊन धापा टाकू लागली, मग सर्वांगाला कंप सुटला, आणि कोणी पत्र्याचे दार आपटले की त्या आवाजानेच तिला झटका यायचा. अंगाला हात लावला तर चटका बसेल इतके ते तापले होते. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले की मेटाल्डिहाइडवर उतारा असे औषध नाही. झटके थांबवायचे, अंग थंड करायचे, सलाइन चालू ठेवायचे आणि वाट पाहायची. तिला शुद्धीवर यायला दुसरा दिवस उजाडला, पण ती वाचली.

फवारणीच्या औषधांचे चित्र याहून वेगळे दिसते. फवारणीचे पंप धुतलेल्या पाण्याचे डबके कुत्र्याने चाटले तर लाळेची धार लागते, डोळ्यांतून पाणी येते, बुबुळांतील बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, जुलाब होतात, कातडीखालचे स्नायू थरथरतात आणि मग झटके सुरू होतात. त्याला ॲट्रोपिनचे इंजेक्शन लागू पडते, आणि ते वेळेत मिळाले तर फरक डोळ्यांदेखत दिसतो. म्हणून जाताना औषधाची बाटली किंवा पाकीट सोबत न्यावे. ‘फवारणीचे काहीतरी होते’ एवढ्यावर डॉक्टरला अंदाजानेच चालावे लागते. उंदीर मारण्याचे काळे झिंक फॉस्फाइड खाल्ले असेल, तर उलटी बंद खोलीत होऊ देऊ नये, कारण त्यातून निघणारा वायू माणसालाही बाधतो.

गोदाकाठ यांच्या कुत्र्याला एकाच पद्धतीचे दोन झटके तीन आठवड्यांच्या अंतराने आले आणि मध्ये काहीच झाले नाही, त्यामुळे तेथे विषाचा संबंध मलाही दिसत नाही. परंतु हा धागा उद्या वाचणाऱ्यांत शेतकरीही असतील, म्हणून लिहिले.

वस्तीतले_श्वान (पुणे)

आमचा गट वस्तीतील भटक्या कुत्र्यांची देखभाल करतो, आणि आमच्या अनुभवात तरुण, लस न घेतलेल्या कुत्र्याला आकडी म्हणजे बहुतेक वेळा डिस्टेंपर. हा आजार कपटी आहे. आधी ताप, डोळ्यांना चिपाडे, नाकातून घट्ट शेंबूड, जुलाब असे होते, आणि मग कुत्रा सुधारल्यासारखा वाटतो. कोणी म्हणते ‘बरा झाला’, आणि दोन-चार आठवड्यांनी मेंदूची लक्षणे सुरू होतात. त्याची आकडी बघणाऱ्याच्या लक्षात राहते: कुत्रा शुद्धीत बसलेला असतो आणि च्युइंगम चघळत असल्यासारखा जबडा चालू असतो, लाळ गळत असते. काहींच्या एका पायाला किंवा डोक्याच्या एका बाजूला ठरावीक लयीत ठोके पडल्यासारखे झटके बसतात, आणि ते गाढ झोपेतही थांबत नाहीत. पंजांच्या गाद्या आणि नाक कडक, भेगाळलेले दिसले तर शंका अधिक बळावते. विषाणूवर औषध नाही. झटके आटोक्यात ठेवता आले आणि खाणेपिणे चालू राहिले तर काही कुत्री जगतात. पायाचा तो ठोका मात्र पुष्कळदा आयुष्यभर राहतो.

लसीने हे टळते. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून लस सुरू करून सोळा आठवड्यांचे होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लवकर दिलेल्या लसीला निष्प्रभ करू शकते. एकच डोस देऊन निश्चिंत झालेल्या घरांतील पिल्ले आमच्याकडे येतात, तेव्हा फार वाईट वाटते.

एक गोष्ट डॉक्टरांच्या लिखाणाला जोडतो. घरच्या, लस घेतलेल्या ब्रुनोबाबत रेबीजची भीती अनाठायी आहे हे मान्य. पण ज्याचा पूर्वेतिहास माहीत नाही अशा रस्त्यावरच्या कुत्र्याला झटके येत असतील, लाळ गळत असेल, आवाज बदलला असेल किंवा गिळता येत नसेल, तर हातमोज्यांशिवाय त्याच्या तोंडाजवळ जाऊ नये. लाळेचा संपर्क जखमेशी आला असेल तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जावे. दयाबुद्धीने धावून जाणारेच यात सर्वांत आधी सापडतात.

मोगरा_ठाणे

थोडे वेगळे कारण सांगते, विण्यानंतर रक्तातील कॅल्शियम उतरण्याचे, कारण ते फार लवकर ओळखावे लागते. आमच्या पॉमेरेनियन कुत्रीला विण्यानंतर तिसऱ्या आठवड्यात हा त्रास झाला. पिल्ले चार, ती स्वतः जेमतेम चार किलोंची. संध्याकाळी ती पिल्लांपाशी थांबेना, सारखी धापा टाकत होती, चालताना पाय लाकडासारखे ताठ पडत होते. आम्हाला वाटले की उकडत असेल. तासाभरात ती आडवी पडून आखडली. आम्ही तिला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये नेले. तेथील डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून ठेवला आणि शिरेतून कॅल्शियम अगदी हळूहळू सोडले, कारण ते भरभर गेले तर हृदयाचे ठोके बिघडतात. सुई काढण्याआधीच तिचे अंग सैल पडले.

नंतर त्यांनी विचारले की गाभण असताना हिला कॅल्शियमचे सिरप देत होता का. आम्ही रोज देत होतो, दुकानदारानेच सांगितले होते. त्यावर त्यांनी समजावले की गाभणपणात बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिले, की हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणणारी शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि दूध सुरू झाल्यावर एकदम मागणी वाढते तेव्हा ती वेळेवर जागी होत नाही. त्यामुळे लहान जातीच्या कुत्रीला त्या काळात पिल्लांसाठीचा चांगल्या प्रतीचा आहार द्यावा, आणि सिरप डॉक्टरांच्या सांगण्याखेरीज देऊ नये. त्या दिवसापासून पिल्लांना आईपासून दूर करून वरचे दूध सुरू केले.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. राहिलेल्या तपासण्या करून घेतल्या. साखर, कॅल्शियम, सोडियम व्यवस्थित आहेत. पित्ताम्लांचे दोन्ही आकडे मर्यादेत आहेत. डॉक्टरांनी पंजा उलटा टेकवण्याची तपासणी चारही पायांवर केली, डोळ्यांसमोर हात आणून पापणी मिटते का तेही पाहिले, आणि सर्व ठीक असल्याचे सांगितले. गोचिडांची गोळी आयसोक्साझोलिन गटातीलच निघाली, एक महिना चालणारी. दुसरा झटका आला तेव्हा ती दिल्यालाही महिना होत आला होता. ती आता बंद केली आहे.

परंतु दरम्यान तिसरा झटका आला, या वेळी रात्री अकराला, तो बैठकीच्या खोलीत लोळत पडलेला असताना. भावाने त्याची जीभ आत जाईल या भीतीने तोंडात चमचा घालण्याचा प्रयत्न केला आणि त्याच्या बोटाला दात लागला. आता डॉक्टर फेनोबार्बिटोन हे आकडी रोखणारे औषध सुरू करण्याविषयी बोलत आहेत. आयुष्यभराचे औषध म्हटल्यावर घरात दोन मते पडली आहेत. आधी एमआरआय करून कारण पक्के करावे आणि मगच औषध द्यावे, असे वडिलांचे म्हणणे आहे. त्यासाठी मुंबई किंवा पुणे गाठावे लागेल आणि पूर्ण भूलही द्यावी लागेल.

पशुवैद्य_सातारा

आधी भावाच्या बोटाविषयी. ब्रुनोला रेबीजची लस असली तरी दाताने कातडी फुटली असेल, तर जखम साबणाने धुऊन माणसांच्या डॉक्टरांना दाखवावी. त्यात हयगय नको. कुत्रा आकडीत जीभ गिळत नाही. तोंडात चमचा, कापड, पाणी यांपैकी काहीही घालू नये. कांदा, चप्पल, किल्ल्या हुंगवल्याने काही होत नाही. झटका मिनिट-दोन मिनिटांत आपला आपण थांबतो आणि श्रेय कांद्याला मिळते. त्या वेळात करण्यासारखे एवढेच असते की जिन्यापासून आणि टेबलाच्या कोपऱ्यांपासून त्याला सुरक्षित ठेवावे, टीव्ही आणि दिवे बंद करावेत, आणि एकाने मोबाइलवर चित्रण करत वेळ मोजावी. एकच झटका पाच मिनिटांहून अधिक लांबला, किंवा २४ तासांत दुसरा आला, किंवा पूर्ण शुद्ध येण्याआधीच पुढचा सुरू झाला, तर सकाळची वाट न पाहता लगेच निघावे. झटका लांबत गेला की अंगाचा ताप वाढतो आणि मेंदूला स्वतंत्रपणे इजा होते.

एमआरआयबद्दल वडिलांची भावना मला समजते. कारण छायाचित्रात दिसावे असे कोणालाही वाटते. पण अज्ञातहेतुक अपस्मारात एमआरआय निर्दोषच येतो, आणि ब्रुनोसारख्या, म्हणजे वय चार, दोन झटक्यांच्या मध्ये पूर्ण निरोगी, शारीरिक तपासणी व रक्त ठीक, अशा कुत्र्याच्या एमआरआयमध्ये दोष सापडण्याची शक्यता फारच कमी असते. म्हणजे मोठा खर्च, प्रवास आणि भूल यांनंतर बहुधा हेच उत्तर हाती येईल, जे आज तपासणीने दिले आहे. पहिली आकडी सातव्या-आठव्या वर्षी आली असती, एकाच बाजूचे अंग आखडत असते, तो मधल्या काळातही बदललेला वाटत असता, किंवा दोन औषधे योग्य मात्रेत देऊनही झटके थांबले नसते, तर मीच आपल्याला एमआरआयचा आग्रह केला असता. ती वेळ पुढे आली तर जरूर करू. आज औषध त्यासाठी अडवून ठेवू नये.

गोळीविषयी पुन्हा एकदा. एक महिना चालणारी गोळी दिल्यानंतर एवढ्या काळाने, तिचा अंमल संपत आल्यावर किंवा संपल्यावर तिसरा झटका आला, त्यावरून केवळ गोळी हे कारण नसावे असे मला वाटते. तरीही ती पुन्हा देऊ नये, आणि यापुढे गोचिडांसाठी काय वापरायचे ते डॉक्टरांशी बोलून ठरवावे. गुरांवर फवारायचे डेल्टामेथ्रिन अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला चोळण्याची पद्धत आपल्याकडे आहे, ती तर मुळीच नको.

औषध कधी सुरू करावे याचा सर्वसाधारण निकष असा आहे की, सहा महिन्यांत दोन किंवा अधिक झटके आले तर सुरू करावे. ब्रुनोने तो ओलांडला आहे. फेनोबार्बिटोन दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांनी द्यावे लागते. पहिले दोन आठवडे तो सुस्त राहील, चालताना मागचे पाय डगमगतील, पाणी आणि भूक वाढेल; यांतील सुस्ती बहुधा ओसरते, भूक मात्र राहते, आणि लॅब्रॅडॉरची भूक वाढली की वजन आवरणे हे दुसरे काम होऊन बसते. दोन आठवड्यांनी रक्तातील औषधाची पातळी मोजावी आणि त्यावरून मात्रा ठरवावी. पुढे साधारण सहा महिन्यांनी पातळी व यकृत दोन्ही तपासावीत. एकट्या फेनोबार्बिटोनने भागले नाही तर पोटॅशियम ब्रोमाइड किंवा लेव्हेटिरासिटाम जोडता येते. ब्रोमाइड चालू असताना खाण्यातील मीठ एकसारखे ठेवावे लागते. एखाद्या दिवशी पापड, वेफर्स यांची चंगळ झाली तर शरीर ब्रोमाइड बाहेर टाकते आणि पातळी उतरते. घरात कोणाची फिटसाठीची फेनिटोइनची गोळी असेल, तर ती त्याला देऊ नये. कुत्र्याच्या शरीरातून ती इतक्या लवकर निघून जाते की उपयोग होत नाही.

झटके कायमचे शून्य होतील, असे वचन मी कोणालाच देत नाही. पुष्कळ कुत्र्यांत ते विरळ आणि सौम्य होतात, काहींत थांबतात, आणि साधारण एक-तृतीयांश कुत्र्यांत एका औषधावर समाधानकारक ताबा मिळत नाही. झटके थांबले म्हणून गोळी मात्र आपण होऊन बंद करू नये. ती अचानक तोडली तर आधीपेक्षा भयंकर आणि न थांबणारी आकडी येऊ शकते. ब्रुनोपासून पिल्ले घेऊ नयेत, आणि ज्यांच्याकडून त्याला आणले त्यांना हे कळवावे, म्हणजे त्याच्या आईबापांची पुन्हा जोडी लावण्याआधी ते विचार करतील.

मोगरा_ठाणे

फेनोबार्बिटोनविषयी एक व्यावहारिक सूचना, कारण माझ्या बहिणीचा बीगल ते बरीच वर्षे घेतो आहे. ते माणसांच्याच औषधांच्या दुकानात मिळते, पण चिठ्ठीशिवाय देत नाहीत, आणि पशुवैद्याची चिठ्ठी पाहून काही दुकानदार उगाच काचकूच करतात. त्यामुळे एक दुकान ठरवून घ्यावे, चिठ्ठीवर कुत्र्याचे आणि मालकाचे नाव, मात्रा आणि तारीख स्पष्ट लिहून घ्यावी, आणि पाकिटात निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढचे पाकीट आणावे. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाताना तर आधी त्या मोजून घ्याव्यात.

गोदाकाठ (नाशिक)

वडिलांना डॉक्टरांचे उत्तर वाचून दाखवले. एमआरआय तूर्त नको, असे ठरले. आज रात्री आठला पहिली गोळी देत आहोत. दोन आठवड्यांनी रक्तातील पातळी आली की येथेच लिहितो.